बाकीच्या सगळ्या आल्या तर

ग्राउविकच्या मासळी कारखान्यात आम्ही तेवीस बायका कामाला होतो, आणि त्या ऑक्टोबरात जिला विचारावं तिचं उत्तर एकच : बाकीच्या सगळ्या आल्या तर मी येते. ऐकायला किती छान वाटतं! पण सगळ्याच जणी सगळ्यांची वाट बघत बसल्या की काय होतं? काही होत नाही. कॉफी गार होते.

विषय सुट्टीचा होता. रेडिओवर आठवडाभर तेच चाललं होतं. येत्या शुक्रवारी, चोवीस तारखेला, देशातल्या एकाही बाईने काम करायचं नाही. कारखान्यातलं नाही, कचेरीतलं नाही आणि घरातलंही नाही. आपण हात आखडले की काय काय अडतं ते एक दिवस सगळ्यांना कळू दे. राजधानीतल्या, रेक्याविकच्या बायका हुशार, त्यांनी त्याला संप म्हटलंच नाही. सुट्टी म्हटलं. सुट्टी पाद्र्याची बायकोसुद्धा घेऊ शकते.

आमचा मुकादम बोद्वार याला मात्र ते पटेना. सोमवारी सकाळी तो टेबलांच्या मधोमध येऊन उभा राहिला. आम्ही कॉड मासे कापत होतो.

"सुट्टी कसली? संप म्हणा की सरळ."

"संप नाही रे, सुट्टी," मी म्हटलं. "तू नाही का दर वर्षी रानकोंबड्या मारायला जातोस?"

"थ्रूदा, तू गप्प बस. मी एकदाच सांगतो. सगळ्याच्या सगळ्या गेलात तर मी काय करणार? मासे बर्फात घालीन आणि बसेन. पण एक टेबल जरी चाललं ना, तर ज्या गेल्या त्यांनी सोमवारी परत यायचं नाही. अर्ध्या जणींचा माज मी सहन करणार नाही."

माणूस वाईट नव्हता बोद्वार. त्याच्या डोक्यावर मालक बसलेला, मालकाच्या डोक्यावर आणखी कोणी. पण तो जे बोलला त्याने घोटाळा केला. आता जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. आणि आमच्या खाडीकाठी दुसरा कारखाना नव्हता.

त्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत ल्योतुन माझ्याजवळ आली. सत्तावीस वर्षांची पोर, दोन मुलं, नवरा नॉर्वेला गेला तो गेलाच. खाडीच्या अगदी आतल्या टोकाला, शेवटच्या घरात राहायची.

"थ्रूदा, मला जायचंय गं," ती म्हणाली. "पण माझं काम गेलं तर मी मुलांना घेऊन कुठे जाऊ? तुझा नवरा ट्रॉलरवर आहे, घरात काही ना काही येतं. माझ्याकडे हे एक टेबल आहे. मी सगळ्यांत शेवटी. बाकीच्या सगळ्या आल्या तरच."

"बरं."

"मला एकटीला बाहेर पाडणार नाहीस ना?"

"नाही पाडणार," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग भानावर आले. कारण माझ्या हातात तेव्हा काहीच नव्हतं.

मी तशी उतावळी बाई आहे. वाट बघणं मला जमत नाही. खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, पेन्सिल कानामागे खोचली आणि टेबलाटेबलावर फिरले. 'येणार का' असं कोणालाच विचारलं नाही. विचारलं ते असं : "किती जणी आल्या तर तू येशील? आकडा सांग."

या प्रश्नाने बायकांची तोंडं उघडली. 'सगळ्या' म्हणणं सोपं असतं, पण आकडा सांगायचा तर बाईला स्वतःच्या मनात डोकावून बघावं लागतं. माझा आकडा शून्य. म्हणजे कोणी आली नाही तरी मी जाणार, माझ्या स्वभावाला औषध नाही. हिल्दिगुन म्हातारीचा आकडा एक. "बोलायला कोणीतरी हवं बाई," ती म्हणाली. मग कोणाचा दोन, कोणाचा चार, कोणाचा नऊ. एकीने तेरा सांगितला आणि लगेच म्हणाली, "तेरा नको, अपशकुनी आहे, बारा लिही."

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पुठ्ठा घेऊन बसले आणि नावं लहान आकड्यापासून मोठ्या आकड्याकडे लावली. मी निघाले की हिल्दिगुन निघते. आम्ही दोघी निघालो की दोन आकडावाल्या निघतात. एकीच्या जोरावर दुसरी, तिच्या जोरावर तिसरी, असं करत गाडी चौदापर्यंत आली आणि तिथे अडली. पुढचा आकडा पंधरा होता. पंधरा जणी निघाल्याशिवाय ती हलणार नाही, ती हलल्याशिवाय तिच्या पुढच्या सात जणी हलणार नाहीत, आणि त्या सातांत शेवटची ल्योतुन. एक बाई कमी पडत होती. एक! मी पुठ्ठा चारदा मोजला. पुठ्ठ्याला राग आला असता तर त्याने मला थोबाडीत मारली असती.

आमच्या खाडीत तेव्हा टेलिफोनची एकच तार होती. प्रत्येक घराची घंटा वेगळी. माझी एक लांब, दोन आखूड. पण घंटा वाजायची सगळ्यांकडे, आणि कोणाचीही वाजली तरी रिसीव्हर सगळेच उचलायचे. फक्त ते कबूल करायचं नाही, ही रीत. मी डॉक्टरला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं की दुसऱ्या दिवशी तीन घरांतून मलम यायचं, आणि आणणारी म्हणायची, "सहज आले होते गं, घरात पडूनच होतं." आपणही विचारायचं नाही, तुला कसं कळलं म्हणून.

बुधवारी पुरुषमंडळी पत्ते खेळायला शाळेत जमायची. तोच मुहूर्त धरून मी टेलिफोन केंद्रातल्या योदीसला सांगितलं, "आज सगळ्यांची घंटा वाजव."

सगळ्यांची घंटा म्हणजे एक लांबच लांब घंटा. वादळ येणार असेल किंवा होडी परतली नसेल तरच ती वाजवायची.

"मला नोकरीवरून काढतील," योदीस म्हणाली.

"शुक्रवारी तू सुट्टी घेणारच आहेस ना?"

"घेणार आहे. देशातल्या सगळ्या टेलिफोनवाल्या घेणार आहेत."

"मग वादळच येतंय की. वाजव."

तिने वाजवली. खाडीतले सगळे रिसीव्हर एकदम उचलले गेले. आता त्या तारेची गंमत अशी की जितके कान जास्त तितका आवाज बारीक. मी पुठ्ठा वाचायला लागले आणि मलाच माझा आवाज उशीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटायला लागला. शेवटी मी ओरडत होते आणि योदीस प्रत्येक वाक्य मधल्या मधे पुन्हा सांगत होती. मी नाव घ्यायची, बाई म्हणायची "येते". आयुष्यात पहिल्यांदा त्या तारेवर बायका कबूल करत होत्या की हो, आम्ही ऐकतोय.

चौदा नावं झाली. मी थांबले.

"पुढे?" योदीस म्हणाली.

"पुढे पंधरा आकडा आहे," मी म्हटलं. "आम्ही चौदाच आहोत."

मला वाटलं, संपलं. आता एकेक जण रिसीव्हर ठेवणार आणि उद्या सकाळी एकमेकींकडे न बघता मासे कापणार.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

आवाज मी ओळखला. आस्गेर्द. बोद्वारची बायको. चार नंबरच्या टेबलावर रोज आमच्यातच उभी असायची, पण तिला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"अगं... तू बोद्वारची बायको," मी म्हटलं.

"बोद्वारची बायको घरी. टेबलावर मी आस्गेर्द आहे. अकरा वर्षं तुझ्या मागच्या टेबलावर उभी आहे, थ्रूदा. सोमवारी तू पुठ्ठा घेऊन माझ्या अंगावरून गेलीस आणि मला विचारलं नाहीस. मी रात्री रडले, माहिती आहे?"

खाडीतल्या यच्चयावत बायका हे ऐकत होत्या. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. माणसाची पारख आहे असं मी स्वतःबद्दल समजत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "किती जणी आल्या तर येशील?"

"मला आकडा नाही. मी येते."

झालं! पंधरा झाल्या. पंधरावालीने लगेच आपलं नाव ओरडून सांगितलं, माझ्या वाचण्याची वाटसुद्धा बघितली नाही. सोळावाल्या दोघी एकदमच ओरडल्या. मग कोण कधी बोलतंय ते योदीसलाही कळेना. सगळ्यांत शेवटी ल्योतुन राहिली. तिच्या मागे धाकटं मूल रडत होतं.

"बाकीच्या सगळ्या झाल्या?" तिने विचारलं.

"बावीस झाल्या," योदीस म्हणाली. "मी खुणा करत होते."

"मग येते."

गुरुवारी मी कारखान्यात शीळ घालत काम केलं. बोद्वारने जाताना सांगितलं, "उद्या कारखान्याची बस रोजच्यासारखी दारोदार येईल. बघू किती शूर आहात." आम्ही चाकू धुऊन ठेवले. ठरलं असं की सकाळी बस येईल तेव्हा घरातच राहायचं, आणि दुपारी दोनला गावच्या सभागृहात जमायचं. संध्याकाळी योदीसने केंद्र बंद केलं. अडीअडचणीला डॉक्टरची तार जोडता यावी म्हणून नवऱ्याला तिथे बसवलं. त्या बिचाऱ्याला तेवढी एकच तार जोडायला शिकवली होती, आणि त्यातही तो दोनदा चुकला.

शुक्रवारी मी सवयीने सहाला उठले. कॉफी ओतली, पाय पसरून बसले आणि म्हटलं, आज काही करायचं नाही. पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

बस कुठून सुटते? आतल्या टोकाकडून. पहिलं घर कोणाचं? ल्योतुनचं.

मी यादी केली ती लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत, आणि बस नेमकी सगळ्यांत मोठ्या आकड्यापासून सुरू होणार होती! जिने सगळ्यांच्या शेवटी म्हटलं तिच्या दारात ती सगळ्यांच्या आधी उभी राहणार होती. बाहेर काळोख, आत दोन मुलं, दारात हॉर्न. टेलिफोन बंद. दुसऱ्या घरी काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं? गुपचूप बसमध्ये चढले असते. आणि मग बस पुढच्या घरी गेली की ती बाई खिडकीतून बघणार, ल्योतुन आत बसलीय. म्हणजे बेत मोडला. मग तीही चढणार. तिला बघून तिसरी. जशी एकीच्या जोरावर दुसरी निघाली होती, तशीच एकीच्या भीतीने दुसरी कामावर जाणार. अर्ध्या खाडीत असं झालं की उरलेल्या अर्ध्या जणी बाहेर. चूक सगळी माझी. चाळीस वर्षं त्या बसच्या रस्त्यावर राहून मला एवढं सुचलं नव्हतं.

घरात वाहन म्हणजे ट्रॅक्टर. तो काढला, नवऱ्याचा कोट अंगात अडकवला आणि खाडीच्या आतल्या बाजूला सुटले. ट्रॅक्टरला घाई असते का? मी आयुष्यात दिल्या नसतील इतक्या शिव्या त्याला दिल्या. वाटेत ठरवून टाकलं : ल्योतुनच्या दारात जाऊन उभी राहीन, म्हणजे तिला निदान एक बाई डोळ्यांनी दिसेल.

निम्म्या वाटेवर बसचे दिवे दिसले. रस्ता तिथे एकाच गाडीपुरता. बस जवळ आली आणि आतल्या उजेडात मला डोकी दिसली. एक, दोन नाही. सात-आठ. हिल्दिगुनची लोकरी टोपी मी दुरूनही ओळखते. आणि सगळ्यांच्या पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, ल्योतुन.

मी ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध बंद केला आणि तशीच बसून राहिले. मी त्या पोरीला शब्द दिला होता.

बसचा ड्रायव्हर फालुर खिडकीतून ओरडला, "अगं बाई, काढ ते धूड! मला काय आज दुसरं काम नाही?"

दार उघडलं. ल्योतुन पायरीवर उभी होती. तिच्या कडेवर धाकटं होतं, थोरलं मागून तिचा कोट धरून डोकावत होतं.

"तू कुठे निघालीस?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे! तू बसमध्ये का चढलीस? ल्योतुन, ठरलं काय होतं?"

"घरात बसायचं ठरलं होतं. पण घरात बसून मला काय दिसणार? कोण गेलं, कोण नाही, दिवसभर खिडकीत उभी राहून मी मेले असते. बस आली, रिकामी. म्हटलं, चढते आणि स्वतः बघते."

"आणि कोणी कामाला निघालेली दिसली असती तर?"

"तर मीही गेले असते," ती सरळ म्हणाली. "खोटं कशाला बोलू? माझ्या पुढच्या घरी दिवा नाही, दार बंद. मी उतरून दार वाजवलं. हिल्दिगुन झोपायच्या कपड्यांत आली नि म्हणाली, चल नीघ, मी नाही येत कामाला. मी म्हटलं, मी तरी कुठे जातेय? एक झाली. पुढच्या घरी दोन. मग म्हटलं, दुपारची वाट कशाला बघायची? बस आहे, बसा. सभागृहातच जाऊ."

"पाचव्या घरानंतर ही मोजायचीच थांबली," हिल्दिगुन आतून म्हणाली. "नुसती दारं बडवत सुटलीय. माझं दार मोडायचं बाकी राहिलं होतं."

"आणि फालुर?" मी विचारलं.

"मला बायकांना आणायला सांगितलंय," फालुर म्हणाला. "मी आणतोय. कुठे नेऊन सोडायचं ते कागदावर लिहिलेलं नाही."

ल्योतुन माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. "म्हणजे थ्रूदा, यादी केलीस तू, आणि भरवसा नव्हता तो तुलाच?"

खरंच नव्हता. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि नवऱ्याच्या कोटाला नाक पुसत मी बसमध्ये चढले. ट्रॅक्टर आम्ही आठ जणींनी ढकलून कडेला लावला. पुढच्या प्रत्येक घरी ल्योतुन उतरायची, दार बडवायची, आणि पाव चावत, केस बांधत, मुलं काखोटीला मारून एकेक बाई बाहेर यायची. कारखान्याच्या अलीकडच्या वळणाला बस इतकी भरली होती की मी कोणाच्या तरी मांडीवर होते.

कारखान्याच्या फाटकापाशी बोद्वार उभा होता. दिव्याच्या उजेडात त्याने भरलेली बस बघितली आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मला क्षणभर त्याची दया आली. त्याने बोटांवर मोजत खिडक्यांवरून नजर फिरवली.

"आलात ना शेवटी! मला माहीत होतं. बावीस! आणि आस्गेर्द तर आपल्या घरचीच."

दार उघडलं. कोणी उतरलं नाही. तेवढ्यात त्याच्या मागून आस्गेर्द आली, दोन्ही हातांत दोन पोरं. तिने एकाचा हात त्याच्या एका हातात दिला, दुसऱ्याचा दुसऱ्या हातात.

"दुपारी सॉसेज उकड," ती म्हणाली. "मोठीला मोहरीची चटणी चालते, धाकट्याला नको." आणि बसमध्ये चढली. आम्ही सरकून तिला जागा दिली. खरं तर जागा नव्हती, पण दिली.

फालुरने दार लावलं. बोद्वार दोन पोरं धरून तसाच उभा. मागे कारखान्याचे सगळे दिवे लागलेले आणि आत एकही टेबल चालत नव्हतं. बस हलली तशी तो चार पावलं बरोबर आला. मघाचा आवाज आता राहिला नव्हता.

"आणि सोमवारी?" त्याने विचारलं. "सोमवारी कोण येणार?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, सवयच आहे. पण ल्योतुनने माझ्या आधी खिडकी खाली ओढली.

"सगळ्या," ती म्हणाली.

बोद्वारने मान डोलावली. बस सभागृहाच्या रस्त्याला लागली, आणि ल्योतुनने धाकट्याला माझ्या मांडीवर दिलं आणि खिडकी वर ओढून घेतली.